काटा दिसला म्हणजे बाभूळ नव्हे : धुऱ्यावरचं हिंगणबेट ओळखा

(तिवसा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, पांदण रस्ते आहेत. त्याच्याखाली आमच्या नावापुढे 'एका झाडाची ओळख' असं लिहिलेलं पाहून मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारलं, "काऊन जी, आता झाडं शिकवता काय?" होय, आज झाड शिकवायचं आहे. एकच झाड. आणि त्याचा संबंध विषयपत्रिकेवरच्या तिसऱ्या विषयाशी, पांदण रस्त्याशी आहे.

पांदण मोकळी करा ही मागणी आपलीच. पावसाळ्यात वावरात बंडी जात नाही, खत डोक्यावर न्यावं लागतं, वेचलेला कापूस वावरातच भिजतो, हे आपणच तहसीलवर जाऊन ओरडून सांगितलं. ती मागणी बरोबर होती, आजही बरोबर आहे. पण पांदण मोकळी होते कशी ते तुम्ही पाहिलं असेल. जेसीबी येतो, चालवणाऱ्याला सांगितलं जातं की दोन्ही बाजूंचे काटे साफ कर, आणि दोन तासांत अर्धा मैल उघडा पडतो. त्या पोराचा दोष नाही. त्याला 'काटे' सांगितले, त्याने काटे काढले. आता या 'काटे' शब्दात कोण कोण येतं? वेडी बाभूळ येते, ती गेली तर आम्हाला दुःख नाही. पण त्याच शब्दात गावठी बाभूळ येते, हिवर येतो, बोर येते, आणि ज्याच्याबद्दल आज बोलायचं आहे ते हिंगणबेटही येतं. पहिल्या तिघांना निदान लोक नावाने ओळखतात. हिंगणबेटाचं तसं नाही. तिशीच्या आतल्या पोरांना विचारा, दहातले आठ सांगतील, "बाभूयच असन ते."

पोरांना हसण्याचा आम्हाला हक्क नाही, कारण हीच चूक आम्ही केलेली आहे. वीस वर्षं होऊन गेली असतील. नोकरी सोडून नुकतेच चळवळीत आलो होतो, खिशात कृषीची पदवी होती आणि जीभ तिखट होती. याच तालुक्यातल्या एका गावात शिवारफेरी होती. धुऱ्यावर पुरुष-दीड पुरुष उंचीची तीन काटेरी झाडं दाटीने उभी. आम्ही त्या शेतकऱ्याला म्हणालो, "ही बाभळीची झुडपं कशाला ठेवली? धुरा साफ ठेवा, उंदीर होतात, किडी लपतात." साहेब बोलले म्हणून त्याने संध्याकाळपर्यंत तिन्ही तोडली. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी भेटली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हे बाभूय नाही होय साहेब. हे हिंगनबेट हाय. उन्हायात माह्या बकऱ्या याच्यावर जगतात."

आम्ही तोडलेली फांदी उचलून पाहिली आणि मान खाली गेली. बाभळीचं पान पिसासारखं बारीक असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. इथं तर स्वच्छ रुंद पानं होती. पण आम्ही झाडाकडे पाहिलंच नव्हतं, काट्याकडे पाहिलं होतं. पदवीच्या अभ्यासात आम्ही तणांची कितीतरी नावं लॅटिनमध्ये पाठ केली, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि आमच्याच जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर उभं असलेलं हे झाड त्यात कधी आलं नाही. त्या तीन बुंध्यांना पुढच्या पावसाळ्यात मुळातून फुटवे आले. हिंगणबेट सहज मरत नाही. पण झाडाचं झाड व्हायला सात-आठ वर्षं गेली. तोवर म्हातारीच्या बकऱ्या विकल्या गेल्या होत्या.

तर आता झाड. या टेबलावर फांद्या ठेवल्या आहेत, हातोहात फिरू द्या, काटे सांभाळा. जे हा मजकूर घरी वाचतील त्यांनी वाचता वाचता धुऱ्यावर जावं आणि एक फांदी समोर ठेवावी, नुसतं वाचून झाड कळत नाही.

आधी लांबून पाहायचं, आणि आत्ताच, म्हणजे पळस फुलण्याच्या सुमारापासून जेठ लागेपर्यंत. या दिवसांत शिवारावर नजर टाका. पळसाला पान नाही, सालई-मोवई नागडी, बेल झडत आलेला. अशा वेळी धुऱ्यावर पंधरा-वीस फुटांचं, गोलसर पण विस्कटलेल्या डोक्याचं, फांद्यांची टोकं खाली लोंबलेलं असं एक झाड हिरवं उभं दिसतं. हिरवं म्हणजे निंबासारखं चमकदार हिरवं नव्हे. राखेचा हात फिरवल्यासारखं, करडट हिरवं. भर उन्हाळ्यात हा रंग एकदा डोळ्यांत बसला की चालत्या एसटीतूनही झाड ओळखू येतं. याला पुस्तकात सदाहरित म्हणतात. सदाहरित म्हणजे पान कधी गळतच नाही असं नव्हे. जुनं पान गळायच्या आधी नवं आलेलं असतं, म्हणून झाड एकदम उघडं पडत नाही. फार कडक दुष्काळात तेही बरंच पान टाकतं, पण ती वेळ येईपर्यंत बाकी सगळ्यांनी हात टेकलेले असतात.

आता जवळ जा आणि पान मोजा. हीच खरी खूण आहे, म्हणून इथं थोडा वेळ घेतो. एका देठावर दोन पानं. जोडीने. तीन नाही, चार नाही. बेलाला तीन असतात हे सगळ्यांना माहीत आहे, तेवढंच पाठ करा की हिंगणाला दोन. प्रत्येक पान अंगठ्याच्या नखाहून मोठं, साधारण दोन ते चार सेंटिमीटर, लंबगोल, कडा सरळ, दातरे नाहीत, हाताला जाड आणि चामड्यासारखं. ज्या देठावर ही दोन बसलेली असतात तो देठ अगदी आखूड, ज्वारीच्या दाण्याहून फारसा लांब नाही. म्हणून घाईत पाहिलं तर वाटतं की दोन पानं थेट फांदीलाच चिकटली आहेत. नीट पाहा, मध्ये तो बारका देठ आहे.

शास्त्राच्या भाषेत ही दोन पानं नव्हेत, एकाच पानाच्या दोन पाकळ्या आहेत. त्यांना पर्णिका म्हणतात. पान कुठे संपतं आणि पर्णिका कुठे सुरू होते हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे आणि ती कोणत्याही झाडाला चालते. देठ फांदीला जिथं मिळतो त्या बेचक्यात डोळा शोधायचा. डोळा म्हणजे पुढचा फुटवा जिथून निघतो तो बारका फुगवटा. पऱ्हाटीला फळफांदी कुठून निघते ते तुम्ही रोज पाहता, तोच तो डोळा. जिथं डोळा आहे तिथून पान सुरू झालं. त्या एका देठावर पुढे जितकी पानं दिसतील त्या सगळ्या एकाच पानाच्या पर्णिका. हिंगणबेटावर डोळा आखूड देठाच्या बुडाशी सापडतो, दोन पर्णिकांच्या मध्ये नाही. एवढं कळलं की तुम्ही अर्धे वनस्पतिशास्त्रज्ञ झालात, आणि पदवीसाठी फीही भरावी लागली नाही.

पानानंतर काटा. हिंगणबेटाचा काटा दीड-दोन इंच लांब, सरळ, जाड, वर रोखलेला आणि कोवळेपणी फांदीसारखाच हिरवा असतो. या काट्यावर पान उगवलेलं दिसेल, एखाद्या ठिकाणी फुलंही दिसतील. काट्याला पान कसं? कारण हा काटा म्हणजे खरं तर एक आखडलेली, टोकदार झालेली फांदी आहे. फांदी आहे म्हणून तिला पान येतं. बाभळीचा काटा तसा नाही. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात, पांढरे असतात, आणि त्यांच्यावर कधी पान येत नाही. बोरीला दोन काटे असतात, त्यातला एक बहुधा सरळ आणि एक आकडा. म्हणजे अंधारात नुसता काटा हाताला लागला तरी झाड सांगता येईल. पण तो प्रयोग करायला आम्ही सांगत नाही.

खोड जुनं झालं की साल करडी होते, तिला उभ्या भेगा पडतात. सालीवरून मात्र झाड ओळखायला जाऊ नका. म्हातारपणी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर सुरकुत्या येतात.

फूल उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं, बारीक, हिरवट पांढरं, पाच पाकळ्यांचं, चार ते दहाच्या झुबक्यात. वास गोड असतो. बघणाऱ्याला ते फूल वाटतच नाही, मधमाश्यांना मात्र बरोबर कळतं. फळ थंडीत पिकतं, आणि आत्ता झाडाखाली पडलेलं सापडेल. अंड्याच्या आकाराचं, लिंबापेक्षा थोडं लांबट, अंगावर पाच पुसट खाचा. कच्चं असताना हिरवं, पिकल्यावर मळकट पिवळं. वरचं टरफल पातळ आणि ठिसूळ, आत चिकट, तेलकट गर, आणि त्याला एक उग्र वास. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. गराच्या आत लाकडासारखी टणक कोय, आणि कोयीत एकच बी. बाभूळ, हिवर, वेडी बाभूळ यांना शेंगा येतात. फळ दिसलं की हा सगळा गोंधळ संपला.

पण फळ वर्षभर नसतं, म्हणून फसवणारी झाडं सांगतो. बेल, कवठ, लिंबू यांचा प्रश्न नाही. पान चुरगाळा, वास सांगतो. फसवते ती चिचबिलाई, जिला कोणी विलायती चिंच म्हणतात. तीही काटेरी, तीही बारमाही हिरवी, तिचीही पानं जोडीजोडीने, आणि ती पुन्हा धुऱ्यावरच. आमचे चांगले चांगले कार्यकर्ते इथं चुकले आहेत. तिचा देठ पुढे दोन फाटे होतो आणि प्रत्येक फाट्यावर दोन पर्णिका बसतात. म्हणजे एकूण चार. घाईत एकच फाटा पाहिला की दोन मोजून माणूस मोकळा होतो. म्हणून मघाशी डोळा शोधायला सांगितलं. डोळ्यापासून मोजा, चार भरली तर चिचबिलाई. तिचे काटेही लहान, पानाच्या बुडाशी जोडीने. चिचबिलाई आपली नव्हे, मेक्सिकोकडून आलेली आहे. पोरांना तिच्या गोड शेंगा आवडतात, असू द्या, पण ती हिंगणबेट नव्हे.

दोन पर्णिकांचं आणखी एक झाड वऱ्हाड-खानदेशात आहे, अंजन. त्याला काटा नाही, आणि ते उंच वाढतं. संपला प्रश्न. हेकळाचा काटा मात्र हिंगणबेटासारखाच फांदीचा बनलेला असतो, त्यावरही पान येतं. पण हेकळाचं पान साधं, एका देठावर एकच. गेळाची पानंही साधीच, झुबक्याने येतात, उन्हाळ्यात झडतात, आणि त्याचं पिवळं फळ पेरवासारखं असून डोक्यावर टोपी असते. गेळ आणि हिंगणबेट या दोन्हींच्या फळांनी पूर्वी मासे मारत, म्हणून बोलण्यात म्हातारे लोक कधी कधी दोघांची गल्लत करतात. माशावरून नाही, पानावरून ठरवा.

आता कोणी विचारेल, ओळखलं, मग काय करायचं त्याचं? बरोबर आहे. आपण संग्रहालय चालवत नाही.

आपल्या भारी काळ्या जमिनीत झाड जगवणं किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात जमीन हातभर फाटते आणि मुळं तुटतात. पावसाळ्यात तीच जमीन चिखल होऊन मुळांना श्वास घेऊ देत नाही. सरकारी लागवडीची रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात का मरतात, याचं अर्धं कारण यात आहे, बाकीचं अर्धं आज काढत नाही. या जमिनीत पाणी न घालता, कुंपण न घालता जी मोजकी झाडं आपोआप उभी राहतात त्यांत हिंगणबेट आहे. काटे हेच त्याचं कुंपण. आणि ते हिरवं राहतं नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा वावरात काडी नसते. पूर्वी घरोघरी ज्वारी होती, कडबा होता. सोयाबीन आलं तसा कडबा गेला. कुटारावर ढोर किती दिवस काढणार? अशा वेळी बकरी हिंगणबेटाचा कोवळा पाला खाते. काट्यातून पान कसं ओढायचं ते तिला कळतं. म्हातारी आम्हाला हेच सांगत होती.

फळाच्या गरात साबणासारखा फेस करणारं द्रव्य आहे. बाटलीत पाणी घ्या, थोडा गर टाका, हलवा, फेस उभा राहतो. आपल्या आज्या रेशमी लुगडं यानेच धूत, रंग जात नाही म्हणून. तेच द्रव्य माशाला आणि पाण्यातल्या गोगलगायीला मारतं, म्हणून ते धुणं नाल्याच्या डोहात नको. कोयीतल्या गिरीत तिच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. कोय पोखरून, आत दारू भरून पोरं फटाका करत, मोठा आवाज होतो. ही गंमत इथं सांगितली ती माहितीसाठी. घरी कोणी करू नये, डोळे जातात. फळ चाखूही नका, जुलाब होतील.

हे झाड जुनं किती? संस्कृतात याला इंगुदी म्हणतात, आणि तापसतरू असंही नाव आहे, म्हणजे तपस्व्यांचं झाड. रानात राहणाऱ्या माणसाला दिव्याला तेल, जखमेला तेल यातूनच मिळे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत राजा कण्वाचा आश्रम जवळ आला हे कशावरून ओळखतो? ज्या दगडांवर इंगुदीची फळं फोडतात त्या दगडांच्या तेलकटपणावरून. आणि शकुंतलेने हरणाच्या पाडसाच्या तोंडाला दर्भ लागून झालेल्या जखमेवर इंगुदीचंच तेल लावलेलं असतं. रामायणात वनवासातला राम वडिलांना पिंड देतो तो इंगुदीच्या पेंडीचा, कारण रानात तेच होतं. ज्यांच्या घरी श्राद्धाला तांदूळ नसतो त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

दूरचं उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याला लागू पडतं. आफ्रिकेत सुदान नावाचा देश आहे. तिथं आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे, आणि त्या जमिनीत कापूस आणि ज्वारी होते. तिथंही हे झाड आहे. नेमकं हेच म्हणता येणार नाही, याचं सख्खं भावंड. जुन्या पुस्तकांत दोघांना एकच नाव होतं, बॅलॅनायटिस इजिप्तियाका. आता आपल्याकडच्याला वेगळं धरून बॅलॅनायटिस रॉक्सबर्घी म्हणतात. सुदानात झाडाला हेगलिग म्हणतात, फळाला लालोब. त्यांच्या फळाचा गर गोडसर असतो, बाजारात ढिगाने विकायला येतो, पोरं चघळत हिंडतात. १९३० च्या दशकात तिथं कालव्याच्या पाण्यातल्या, माणसाला रोग देणाऱ्या गोगलगायी मारायला हे फळ वापरून पाहिलं गेलं. तिथल्या लोकांना झाड नावाने माहीत आहे, म्हणून ते बाजारात आहे. आपल्याकडे ते 'काटे' आहे, म्हणून जेसीबीपुढे आहे. एवढाच फरक. (यावरून सोयाबीनवरच्या गोगलगायीवर कोणी हे फवारायला जाऊ नका. ते पाण्यातल्या गोगलगायींचं प्रकरण आहे.)

आता एक धोक्याची सूचना. या झाडात डायोसजेनिन नावाचं द्रव्य आहे, ज्यापासून औषधी कारखान्यात महागडी संप्रेरकं बनवता येतात. हे वाक्य ऐकून उद्या कोणी गाडी घेऊन गावात येईल, एकरी अमुक लाखाचा कागद दाखवेल आणि रोपाचे पैसे आधी मागेल. सफेद मुसळी आठवा. मोगली एरंड आठवा. इमू आठवा, ज्यांची अंडी कोणी विकत घेतली नाहीत. हिंगणबेट एकरात लावायचं पीक नाही. हळू वाढतं, फळाला पाच ते आठ वर्षं लागतात. ते धुऱ्यावरचं झाड आहे आणि धुऱ्यावरच बरं आहे.

त्याची खोडीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब एकच बाजू सांगतात. मुळातून फुटवे निघतात, आणि धुरा सोडून दोन-चार तासांत शिरतात. ते दरवर्षी डवरणीच्या वेळी काढावेच लागतात. काटा बैलाच्या खुरात जातो, ट्रॅक्टरच्या टायरात जातो. सावलीखालची पऱ्हाटी थोडी किरकोळ राहते. हे सगळं खरं आहे. म्हणून खालच्या फांद्या छाटा, बुंधा मोकळा ठेवा, तोडलेल्या फांद्या वाटेत टाकू नका. पण कीड पोसतं म्हणून तोडू नका. शेंदरी बोंडअळीने २०१७ साली आपलं वाटोळं केलं, तेव्हापासून धुऱ्यावरच्या प्रत्येक झाडाकडे लोक संशयाने पाहतात. ही अळी कपाशीच्या कुळातल्या झाडांवर जगते, भेंडी, अंबाडी, पेटारी यांच्यावर. हिंगणबेट त्या कुळातलं नाही. ते सराट्याच्या, म्हणजे काटेगोखरूच्या कुळातलं आहे. बोंडअळी थांबवायची तर फरदड काढा, पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवू नका. हिंगणबेट तोडून एक अळी कमी होणार नाही. वीस वर्षांपूर्वी आम्ही त्या शेतकऱ्याला सांगितलं होतं ते चूक होतं, हे या माईकवरून सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं.

कायदा काही करेल का, असं मघाशी एका भावाने विचारलं. झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा नावं आहेत. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, अंजन वगैरे. त्यात आपल्या गावाच्या नावाशी जुळणारं तिवसही आहे, ज्याच्या लाकडाचे पूर्वी बंडीचे भाग आणि औतं बनत. हिंगणबेट त्यात नाही. म्हणजे ते तोडायला निघालेल्याला त्या यादीच्या जोरावर कोणी अडवू शकत नाही. एक कागदी काम मात्र आपल्या हातात आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पिकाबरोबर बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत, आणि उघडलं तरी 'बाभूळ' टाकून मोकळे होतात. पोरांच्या हातात मोबाईल आहे, त्यांना आधी फांदी दाखवा, मग मोबाईल द्या.

आता कामाचं. तळेगाव ठाकूर, मोझरी, कुऱ्हा, कौंडण्यपूर, जिथं जिथं पांदणीचं काम यावर्षी मंजूर झालं आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी आजच नावं द्यावीत. मशीन लागायच्या आधी आपण प्रत्येक पांदण पायी चालणार आहोत. रस्त्याच्या मधोमध जे झाड असेल ते जाईल, त्याला इलाज नाही, रस्ता आपल्याला हवाच आहे. पण कडेचं जे राहू शकतं त्याच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा मारायचा, आणि मशीनवाल्या पोराला त्या दिवशी सकाळी सोबत घेऊन दाखवायचं की पांढरा पट्टा सोडून दे. त्याला हातात फांदी देऊन दोन पानं मोजायला लावा, पुढच्या गावी तो स्वतःच सोडेल. बाया मात्र या फेरीला आल्याच पाहिजेत. झाडाचं नाव आम्हाला एका बाईनेच शिकवलं, आणि कोणत्या धुऱ्यावर कोणतं झाड होतं हे गावात त्यांच्याइतकं कोणाला आठवत नाही.

झाडाखाली पडलेली फळं ज्यांना सापडतील त्यांनी गर धुऊन कोया सावलीत वाळवाव्यात आणि पुढच्या बैठकीला आणाव्यात. जिथं धुरा उघडा पडला आहे तिथं मृगाच्या आधी दोन-दोन कोया टोकू. बकऱ्यांच्या गोठ्यात रवंथ करून टाकलेल्या कोया मिळाल्या तर त्या आधी घ्या, त्या चांगल्या उगवतात.

पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता, याच सभागृहासमोरून. चुना आणि कुंचला आम्ही आणतो. पाणी आपापलं आणा, आणि स्लिपर घालून येऊ नका. हिंगणबेटाचा काटा रबरी तळव्यातून आरपार जातो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.